२४ इंची स्क्रोल फ्रेम, आठ महिने वापरल्यावर

श्रावणात मागवली होती ही फ्रेम, आता चैत्र लागला. आठ महिने होत आले आणि इतक्या दिवसांत ती एकही आठवडा रिकामी राहिली नाही, कापूस वेचणीच्या दिवसांतसुद्धा रात्री अर्धा तास का होईना हात लागलाच, म्हणून आता मनमोकळं लिहिते. ज्या बायकांना मोठं क्रॉस स्टिच, म्हणजे फुल्यांचं भरतकाम करायचंय आणि कापड ताणायच्या गोल रिंगेनं जीव मेटाकुटीला आलाय त्यांनी जरूर वाचा, कारण फ्रेम घेऊन ती माळ्यावर टाकून दिलेल्या दोन जणी माझ्याच ओळखीत आहेत, आणि चूक त्यांची नव्हती, फ्रेम कशी लावायची हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

आधी काम काय होतं ते सांगते. पुतणीचं लग्न आहे वैशाखात आणि तिच्या रुखवतात ठेवायला विठ्ठल-रखुमाई करायला घेतलीय. आम्ही आर्वी तालुक्यातले, वर्धा नदी ओलांडली की कौंडण्यपूर, रुक्मिणीचं माहेर, त्यामुळे आमच्याकडच्या लेकीच्या रुखवतात रखुमाई पाहिजेच असं माझं मन. डिझाइन १६८ घरं रुंद आणि २२४ घरं उंच, १४ काउंटच्या आयडा कापडावर, म्हणजे ज्यात चौकोनी घरं विणलेलीच असतात. १४ काउंट म्हणजे एका इंचात १४ घरं, म्हणजे १२ इंच बाय १६ इंचाचं काम झालं, आणि चारी बाजूंनी तीन तीन इंच सोडले तर कापड १८ बाय २२. फुल्या मोजल्या तर ३७,६३२. तासाला सव्वाशेच्या आसपास फुल्या माझ्या होतात, तर तीनशे तासांचं काम हे.

रिंग का नाही वापरली? कारण आधी एकदा पोळले होते. तीन वर्षांपूर्वी मोराचा टेबलक्लॉथ केला होता रिंगेवर, उन्हाळ्यातच केला, आणि आपल्याकडचा मे म्हणजे ४५-४६ च्या घरात पारा, हाताचा घाम, वरून बाहेरची धूळ, ते सगळं रिंगेच्या कडेला जाऊन बसलं आणि काम झाल्यावर कापडावर गोल वळ उमटलेला. दोनदा धुतलं, ओल्या कापडावर इस्त्री फिरवली, घडी तेवढी गेली पण पिवळा गोल राहिला तो राहिलाच. शिवाय रिंग झालेल्या टाक्यांवर बसवली की टाके चेपतात. इतक्या मोठ्या कामाला रिंग वीस-पंचवीस वेळा हलवावी लागली असती, म्हणून ठरवलं की यावेळी स्क्रोल फ्रेमच.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी, दोन आडवे गोल दांडे असतात, त्यांना रोलर म्हणायचं, आणि दोन उभ्या पट्ट्या. रोलरवर निवारीसारखी कापडी पट्टी ठोकलेली असते, आपलं कापड वरच्या आणि खालच्या पट्टीला शिवून टाकायचं आणि जास्तीचं रोलरवर गुंडाळून ठेवायचं, मधे जेवढं उघडं राहील तेवढ्यावर काम करायचं, ते झालं की पुढे सरकवायचं, मागावर कापड गुंडाळत जातात ना तसंच. रोलरच्या टोकातून बोल्ट निघतो, तो उभ्या पट्टीच्या भोकातून बाहेर येतो आणि त्याच्यावर वायसर आणि विंग नट, म्हणजे बोटांनी आवळायचा पंखांचा नट. नट ढिला केला की रोलर फिरतो, आवळला की थांबतो. एवढंच आहे सगळं यंत्र.

ऑनलाइन मागवली, डिलिव्हरी धरून १२४० रुपये पडले. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण अशाच फ्रेमा चार-पाच नावांनी विकतात आणि मला भांडायचं नाही कोणाशी. पण जशी आली तशी वापरण्याजोगी नव्हती हे सांगायलाच पाहिजे. एक तर २४ इंची म्हणून लिहिलेली, पण ती मोजणी रोलरची आहे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, ज्याला कापड शिवायचं ती पट्टी फक्त २० इंच! माझं कापड १८ चं होतं म्हणून निभावलं, २२ चं असतं तर बाराशे चाळीस पाण्यात. घेताना पट्टी किती इंचाची ते विचारूनच घ्या, रोलर किती इंचाचा ते नंतर.

दुसरं म्हणजे वरच्या रोलरची पट्टी तिरपी ठोकलेली. मला आधी कळलंच नाही, मी आपलं कापड शिवलं, ताणलं, आणि पाहते तर घरं सगळी तिरकी, जसं काही वाऱ्यानं पीक एका बाजूला झुकलंय. दोनदा उसवलं, दोनदा शिवलं, माझीच शिवण चुकतेय असं वाटत होतं. शेवटी गावातल्या सुतारदादांकडे घेऊन गेले. त्यांनी रोलर नुसता डोळ्यासमोर धरला एक डोळा मिटून, म्हणाले, "ताई, तुमची शिलाई बरोबर हाये, पट्टीच वाकडी ठोकली त्यायनं, दोन सूत फरक हाये पाहा." दोन सूत म्हणजे पाव इंच, आणि १४ काउंटमधे पाव इंच म्हणजे साडेतीन घरं झाली की हो!

त्यांनी पट्टी उपसली आणि गोल दांड्यावर सरळ रेघ कशी मारायची ते मला दाखवलं, हे फार आवडलं म्हणून लिहिते. दांडा सपाट फळीवर ठेवला, त्याला खेटून लोखंडी पट्टी आडवी ठेवली, दांडा हलू नये म्हणून दुसऱ्या बाजूनं गुडघा लावला आणि पट्टीवर पेन्सिल टेकवून या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढत नेली. एकदम सरळ रेघ. त्या रेघेला धरून कापडी पट्टी पुन्हा बारक्या चुकांनी, म्हणजे खिळ्यांनी ठोकली, दर दीड इंचाला एक. दांड्यांची कुसळं निघत होती ती पॉलिश पेपरनं घासून दिली. पैसे घेत नव्हते, चहावर भागवलं. आणि जाता जाता म्हणाले की पुढच्या वेळी इकडंतिकडं मागवू नका, सागवानाचे तुकडे पडूनच राहतात आपल्याकडे, मी करून देतो.

तिसरा दोष सगळ्यात मोठा आणि तो जवळजवळ सगळ्या स्वस्त फ्रेमांमधे आहे. रोलर घसरतो. संध्याकाळी ताणून ठेवलं की सकाळी कापड झोळी झालेलं, कारण रोलरचं टोक पण गुळगुळीत, उभी पट्टी पण पॉलिश केलेली, धरायला काही नाही. नट कितीही आवळा, बोटांना वळ पडतात पण रोलर थोडा थोडा फिरतोच. यावरचा उपाय माझ्या मुलानं केला. सायकलची जुनी ट्यूब कापून त्याचे चार गोल वायसर केले, मधे बोल्टाएवढं भोक, आणि रोलर व उभी पट्टी यांच्या मधे एक एक घातला. रबर पकडून धरतं. त्या दिवसापासून आजपर्यंत रोलर घसरला नाही, पावसाळ्याच्या शेवटाला लाकूड फुगलं होतं तेव्हा सुद्धा नाही. ज्यांची फ्रेम माळ्यावर पडलीय त्यांनी आधी हे करून पाहा.

आता कापड लावणं. यात घाई करू नका, मला पूर्ण दुपार लागली आणि ती वसूल झाली. कापडाचा मध्य काढायचा, निवार पट्टीचा मध्य काढायचा, दोन्हीवर पेन्सिलची खूण, खुणेला खूण लावून टाचणी, आणि शिवायला सुरुवात मधूनच करायची, आधी उजवीकडे टोकापर्यंत, मग पुन्हा मधून डावीकडे. एका टोकापासून शिवत गेलं की कापड सरकत जातं. सुई आयडाच्या एकाच ओळीच्या भोकांतून जायला पाहिजे, ओळ सोडली की तिरकं झालं. टाका उलट्या टिपेचा आणि दोरा गोधडीचा, साधा रिळाचा दोरा ताणाला टिकत नाही. कापडाच्या दोन्ही उभ्या कडा आधी दुमडून त्यावर टेप शिवून घ्या, का ते पुढे येतंय.

आणखी एक, हे मी स्वतः करून करून शोधलं. कापड रोलरच्या वरून न घालता खालून घालून वर गुंडाळायचं, म्हणजे कामाची सुलटी बाजू गुंडाळीच्या आत जाते आणि बाहेर दिसते ती उलटी बाजू. आपला हात दिवसभर त्या गुंडाळीवर टेकतो, घाम लागतो, कधी हळदीचं बोट लागतं, ते सगळं उलट्या बाजूला. सुलटी बाजू आठ महिन्यांनंतर सुद्धा कोरी आहे. टेबलक्लॉथचा तो पिवळा गोल आठवला की याचं महत्त्व कळतं.

इतकं करूनही एक गोष्ट जमत नव्हती. वर-खाली ताण उत्तम, पण डाव्या-उजव्या कडा ढिल्या, मधे कापड आत ओढल्यासारखं, जसं जुन्या साडीचा पडदा मधे आखडतो तसं. फुल्या घालताना कडेच्या घरांत सुई नीट बसेना. मी फ्रेम घेऊन ओसरीत बसले होते, वैतागून रोलरच आणखी आवळत होते, तर सासूबाई बाजेवर बसून पाहत होत्या बराच वेळ. त्यांचं वय सत्तरच्या पुढे, डोळ्यांमुळे आता शिवणकाम करत नाहीत, पण गोधड्या शिवून दहा घरं पांघरली त्यांनी.

त्या म्हणाल्या, "काऊन वो बाई, बाज ढिली झाली का आपण काय करतो? ठाव्याचं लाकूड आवळतो का?"

मी म्हटलं, नाही, दोरी ओढतो.

"मंग याले बी दोरी लाव ना बाजूनं. कापडातून घे, दांडीवरून घे, पुन्हा कापडातून घे. अन् शेवटाले वढ. बाज ताणते तशी ताण."

आणि मी तसंच केलं. गोधडीचा दोरा सुईत ओवला, कडेच्या टेपमधून सुई घातली, उभ्या पट्टीभोवती फिरवून पुन्हा टेपमधून, दर इंचाला एक फेरा, वरपासून खालपर्यंत. मग एका टोकाला गाठ आणि दुसऱ्या टोकापासून एक एक फेरा बोटानं ओढत ओढत आले, अगदी बाजेची ढिली दोरी पायथ्याकडून ओढतात तसं, आणि दोन्ही बाजू झाल्यावर कापडावर टिचकी मारली तर डफासारखं वाजलं. सासूबाईंना ऐकवलं, त्यांनी पण हात लावून पाहिला आणि नुसती मान हलवली. टेप शिवायला सांगितला होता तो यासाठीच, नुसत्या आयडातून ओढलं तर विणच फाकते.

पुढे तालुक्याला आरी वर्कच्या क्लासला एक जाऊबाई जातात त्यांच्यासोबत एकदा गेले, तिथे जरीकामाचा अड्डा पाहिला, खाटेएवढी लाकडी चौकट, आणि पाहते तर तिथेही हेच, दोन बाजूंनी कापड दांड्याच्या पट्टीला शिवलेलं आणि उरलेल्या दोन बाजूंनी दोरीनं ओढून बांधलेलं. म्हणजे जरीवाले कारागीर हे करतच आलेत आणि आमच्या सासूबाईंनी बाज बघून सांगितलं. फ्रेमसोबत जो कागद आला त्यात मात्र याबद्दल एक ओळ नाही, चित्रं चार आणि भाषा कुठली ते कळेना. माझ्या मते ज्या बायकांनी फ्रेम सोडून दिली त्यातल्या निम्म्या या एका गोष्टीसाठी सोडत असतील.

त्रास एवढाच की कापड पुढे सरकवायचं झालं की दोन्ही बाजूंच्या दोऱ्या काढून पुन्हा ओवाव्या लागतात, वीस मिनिटं जातात. पण माझ्या फ्रेमच्या उभ्या पट्ट्या १२ इंची आहेत, उघडं कापड साडेनऊ इंच मिळतं, त्यामुळे १६ इंचाच्या कामात सरकवायची पाळी दोनदाच आली. यापेक्षा लांब पट्ट्या घेऊ नका, हात मधापर्यंत पोचत नाही.

टाका घालायची पद्धत बदलावी लागते, याची मनाची तयारी ठेवा. रिंगेत आपण कापड थोडं दुमडून सुई एकाच झटक्यात आत-बाहेर काढतो, इथे कापड इतकं ताठ असतं की ते होतच नाही, सुई सरळ खाली, पुन्हा सरळ वर. एक हात वर, एक हात खाली. मी उजवा हात खाली ठेवते आणि डावा वर, कारण खाली न बघता भोक शोधायचं असतं, ते सवयीच्या हाताला लवकर जमतं. पहिले पंधरा दिवस इतका वेळ लागायचा की रडू यायचं, तासाला साठ फुल्या पण होत नव्हत्या, सुई खालच्या बोटाला टोचायची ते वेगळंच. २४ नंबरची बोथट टोकाची सुई घ्या, टोकदार सुई धाग्यात घुसते आणि बोटातही. पंधरा दिवसांनी हात आपोआप चालायला लागले आणि आता रिंगेपेक्षा जास्त होतात. फ्रेम धरायला हात लागत नाही ना! मी जमिनीवर बसते, वरचा रोलर बाजेच्या कडेला टेकवते, खालचा मांडीवर, दोन्ही हात मोकळे. स्टँड विकत मिळतो पण माझं काही अडलं नाही.

फरक कुठे दिसला ते सांगू का? विठ्ठलाच्या काळ्या अंगात. अँकरचा ४०३ नंबरचा काळा, दोन पदरी, पोटापासून पायापर्यंत सलग काळंच काळं. कापड ढिलं असलं की काळ्या भरावात फुल्यांच्या मधून पांढरे ठिपके दिसतात, तीळ सांडल्यासारखे, कारण एक टाका ओढला जातो आणि शेजारचा सैल राहतो. बाजूची दोरी लावायच्या आधी केलेल्या चार ओळी आणि नंतरच्या ओळी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या, आधीच्यात ठिपके, नंतरच्यात एक नाही. त्या चार ओळी मी उसवल्या आणि पुन्हा घातल्या, जवळजवळ साडेतीनशे फुल्या होत्या, पण देवाच्या अंगावर ठिपके कसे ठेवणार. उलटी बाजू सुद्धा इतकी स्वच्छ आली की पुतणी आली होती तेव्हा तिनं उलटं करूनच बघितलं आधी.

सगळ्याच कामाला मात्र ही फ्रेम घेऊ नका. रुमाल, उशीचा अभ्रा, ब्लाउजची बाही याला रिंगच बरी, कापड शिवत बसण्यातच दुपार जाईल. मणी, टिकल्या, गाठीच्या टाक्याची फुलं असलेलं काम यावर गुंडाळलं की चेपतं. माझ्या रखुमाईच्या गळ्यात मी शेवटी मणी लावणार आहे, ते फ्रेमवरून काढल्यावरच लावेन. आधीच लावले असतील आणि गुंडाळणं भागच असेल तर मधे मऊ मलमलचा तुकडा घालून सैल गुंडाळा. आणि महिनाभर काम होणार नसेल, पेरणी असो नाहीतर घरात लग्न असो, तर नट अर्धा ढिला करून जुन्या दुपट्ट्यात गुंडाळून ठेवा, सतत ताणून ठेवलेलं कापड थकतं आणि धूळ बसते ती वेगळी.

गावात बसून सामान मिळवणं हा सगळ्यांचा प्रश्न आहे म्हणून तेही. आमच्याकडे तालुक्याला दसुती आणि मॅटी मिळते, आयडा मी नागपूरला गेले तेव्हा इतवारीतून आणलं. मॅटीवर पण हे सगळं असंच होतं, फक्त घरं मोजून घ्या, इंचात किती बसतात ते तुकड्यातुकड्याला बदलतं. धागा मात्र सगळा एकदम घ्यायचा, विशेषतः काळा, लडी ८ मीटरची असते आणि एवढ्या भरावाला ती भराभर संपते.

स्टार द्यायचे तर फ्रेम जशी घरी आली तशीला दोनच, आणि पट्टी सरळ करून, ट्यूबचे वायसर घालून, बाजूनं दोरी ओढून जी झाली तिला साडेचार. अर्धा कापला तो दोऱ्या पुन्हा पुन्हा ओवण्यासाठी. पुन्हा घ्यायची झाली तर मी ऑनलाइन घेणार नाही. सुतारदादांना माप देऊन ठेवलंय, सागवानाचे रोलर ३० इंची, पट्टी २७ ची, सव्वा इंच जाडीचे, कारण बारीक रोलर जास्त ताणाला मधे वाकतो, हे पण या फ्रेममधे थोडं जाणवलं. उभ्या पट्ट्या १२ च्याच. नट हार्डवेअरच्या दुकानातून मोठ्या पंखांचे आणायला सांगितलेत, बोटांना धरायला सोपे.

सध्या विटेच्या खालची नक्षी राहिलीय, तीन इंच, त्यात लाल आणि पिवळा आलटून पालटून. रोज दुपारी भांडी आटोपली की बसते. काल सासूबाईंनी हात फिरवून विचारलं की रखुमाईची नथ कुठे आली, त्यांचं बोट धरून नेऊन तिथे ठेवलं, सात घरांची आहे नथ, त्या म्हणाल्या हाताले लागते.